नाव लाटांचं, खर्च रात्रींचा : सुरतकलच्या एका आठवड्याचा अभ्यास

प्रकरण असं आहे. कर्नाटकात मंगळूरजवळच्या सुरतकलच्या एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मालवणची एक मुलगी. फेब्रुवारीचा आठवडा, मिडसेम परीक्षा पुढच्या आठवड्यात. शुक्रवारी स्टील डिझाइनचं सबमिशन, चौघांच्या गटाचा प्रोजेक्ट, ‘इन्सिडेंट’ या कॅम्पसच्या सांस्कृतिक महोत्सवाची तयारी, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार पहाटे सर्फिंग. बुधवारी दुपारी हा डोलारा कोसळला. रूममेट, प्रोजेक्टच्या गटातला मुलगा आणि घरी वडील, तिघांनीही एकच उपाय सांगितला : सर्फिंग बंद कर.

हा उपाय मला पटला नाही. का, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे. मी याच कॅम्पसवर शिकले. इथे नव्याने येणाऱ्या मराठी मुलींपैकी कुणी विचारलं तर अभ्यासाची घडी बसवायला मदत करते. ही मुलगी मला ताई म्हणते. लिहायला तिची परवानगी आहे. नाव मुद्दाम दिलेलं नाही.

आधी जागा समजून घ्यायला हवी, कारण हे प्रकरण दुसरीकडे असं घडलंच नसतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ कॅम्पसच्या मधून जातो आणि पश्चिमेची हद्द समुद्राला भिडते. १९६० साली हे कर्नाटक रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, २००२ मध्ये एनआयटी झालं. जुनी माणसं अजूनही केआरईसीच म्हणतात. कोकण रेल्वे ठोकूरला संपते, त्याच्या अगदी अलीकडे सुरतकल. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या मुलांना घर एका रात्रीच्या अंतरावर असतं. आणि महामार्गाने थोडं उत्तरेला गेलं की मुल्की. भारतात संघटित सर्फिंगची सुरुवात झाली ती याच गावातून. जॅक हेबनर या मूळच्या अमेरिकन साधूने आश्रमातल्या मंडळींसह २००४ मध्ये इथे मंत्रा सर्फ क्लब सुरू केला. मुल्कीच्या दक्षिणेला, जिथे नंदिनी आणि शांभवी या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात, तो ससिहित्लूचा किनारा. २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा इथे भरली आणि आसपासच्या गावांतल्या मुलांनी फळीवर उभी राहिलेली माणसं जवळून पाहिली.

आमच्या मुलीला सर्फिंगकडे ओढलं ते मुल्कीच्या वाटेवरच्या हळेयंगडी गावातल्या एका वर्गमैत्रिणीने. ही मैत्रीण घरून येऊन-जाऊन शिकते, घरी तुळू बोलते, तिच्याकडे स्कूटर आहे. पहाटे सहाच्या सुमाराची खासगी बस पकडून आमची मुलगी हळेयंगडीला उतरते, तिथून दोघी स्कूटरने किनाऱ्यावर. बोर्ड तिथल्या प्रशिक्षकाकडे ठेवलेला असतो. पावणेसातला पाण्यात, पावणेआठला बाहेर, साडेआठला कॅम्पस, नऊला लेक्चर. एकटीने कधीच उतरायचं नाही आणि प्रशिक्षक किनाऱ्यावर नसेल तर पाण्याला पायही लावायचा नाही, हे दोघींनी पहिल्या दिवसापासून पाळलंय. मंगळवारी आणि गुरुवारी लेक्चर आठला असतं, म्हणून ते दोन दिवस आपोआप बाद.

रविवारी रात्री तिने आठवडा आखला. ती आखणी मला फार आवडली, कारण त्यात वडिलांचं शिक्षण आणि कॉलेजचं शिक्षण दोन्ही दिसत होतं. वडील मासेमारीतले. दर तिथीला भरती पाऊण तास पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे पाण्याची सगळ्यात कमी चढ-उतार, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. शनिवारी अमावास्या होऊन गेली होती. म्हणजे सोमवारी उजाडताना ओहोटी संपून पाणी चढू लागलेलं असणार, बुधवारी पूर्ण ओहोटीच्या आसपास, आणि शुक्रवारी पहाटे पाणी अजून उतरतच असणार. ससिहित्लूला हे फार महत्त्वाचं. इथे नदीचं मुख आहे. पाणी उतरत असताना दोन नद्यांचा प्रवाह समुद्राकडे ओढतो आणि त्या ओढीत सापडलेला माणूस कितीही चांगला पोहत असला तरी थकतो. त्यामुळे शुक्रवारच्या रकान्यात तिने रविवारीच प्रश्नचिन्ह घातलं होतं.

दुसरा हिशेब लाटांचा. हिवाळ्यात इराणच्या आखातावर ‘शमाल’ नावाचे जोरदार वायव्य वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन लागतात. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांची मोजमापं केलेली आहेत. खोल समुद्रात आठ सेकंद आवर्तकाळाच्या, म्हणजे एकीमागून दुसरी आठ सेकंदांनी येणाऱ्या, लाटांचा समूह ताशी साधारण २२ किलोमीटरने सरकतो. हा हिशेब तिच्या अभ्यासक्रमातलाच. वारा उठल्याची बातमी आणि समुद्राचे अंदाज आणि इशारे देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा अंदाज जुळवून तिने ठरवलं : बुधवारी लाटा मोठ्या होतील. झाल्याही.

म्हणजे समुद्राचा भाग तिने तीन दिवस आधी अचूक मांडला होता. सबमिशनची तारीख तर महिन्यापासून भिंतीवर होती. एका गोष्टीला मात्र आखणीत रकानाच नव्हता, ती म्हणजे रात्र.

सोमवार चांगला गेला. कंबरेएवढ्या लाटा, पूर्वेकडून येणारा हलका जमिनीवरचा वारा, त्यामुळे लाटांचा चेहरा गुळगुळीत. नऊचं लेक्चर, दुपारची लॅब, संध्याकाळी सबमिशनच्या प्लेट गर्डरच्या, म्हणजे पोलादी पत्रे जोडून केलेल्या तुळईच्या, आकडेमोडीची सुरुवात. रात्री साडेनऊला महोत्सवाच्या डेकोर टीमचं काम : बांबूच्या चौकटी, कापड, रंग. साडेअकराला काम संपलं. त्यानंतर सगळी टोळी नाइट कँटीनला. ती खोलीवर पोचली तेव्हा सव्वा वाजून गेला होता, झोप लागेपर्यंत दोन. मंगळवारी आठच्या लेक्चरला ती हजर होती. हजेरी लागली आणि वहीत त्या तासाखाली दीड वाक्य आहे. मंगळवारी रात्री पुन्हा डेकोर, पुन्हा कँटीन, आणि मग गर्डर. आयएस ८०० : २००७ हा स्टीलचा कोड उघडून ती रात्री बाराच्या पुढे बसली. वेबच्या बकलिंगची, म्हणजे गर्डरचा उभा पत्रा दाबाखाली वाकेल का याची, तपासणी तिने तीनदा केली आणि तीनदा वेगळं उत्तर आलं. हे मी शुक्रवारी तिच्या कागदांवर पाहिलं; पहिल्या दोन वेळेला चूक एकच होती, मिलिमीटर आणि मीटरची गल्लत. जागी असताना ती असली चूक करणारी मुलगी नाही.

अडीचला ती झोपली, पाच वाजून वीस मिनिटांनी उठली. आणि बुधवारच्या त्या मोठ्या, तिने स्वतः भाकीत केलेल्या लाटांत उतरली.

हा भाग ती मला सांगताना दोनदा थांबली. छातीएवढी लाट, पॅडल करायला हात उचलावे तर खांद्यात जोर नाही. लाट कुठे फुटेल हे डोळ्यांना कळत होतं, अंग तिथे वेळेवर पोचत नव्हतं. दोन लाटा अंगावर फुटल्या, दुसऱ्या वेळी बोर्ड लीशला, म्हणजे पायाला बांधलेल्या दोरीला, ताणून मागे ओढला गेला. प्रशिक्षकाने किनाऱ्यावरून हात करून बाहेर बोलावलं आणि ती निमूट आली. काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि या संपूर्ण आठवड्यातली खरी धोक्याची घटना हीच होती. बाकी सगळं मार्कांचं आणि रुसव्याफुगव्याचं.

दुपारी दोनला प्रोजेक्टच्या गटाची बैठक होती. टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने घेतलेल्या मोजणीची फाइल तिच्या लॅपटॉपवर. जेवून ती दहा मिनिटं पडावं म्हणून आडवी झाली आणि जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. फोनवर गटातल्या मुलाचा निरोप : तिघं दोन तास बसून होतो, सर्फिंग आणि डिग्री यातलं काय ते एक ठरव. रूममेट म्हणाली, बरोबरच बोलला तो. रात्री वडिलांचा फोन आला, त्यांनाही कुठून तरी कळलेलं. त्यांचं म्हणणं माझ्या कानात अजून आहे, कारण तिने ते जसंच्या तसं मला ऐकवलं : “दर्या खंय पळान जाता काय गो? आधी परीक्षा दी.”

ती गुरुवारी माझ्याकडे आली तेव्हा बोर्ड परत करायचं ठरवूनच आली होती.

मी तिला रविवारपासूनचे तास लिहायला सांगितले. जे झालं तेच लिहायचं, जे व्हायला हवं होतं ते नाही. सर्फिंगच्या दोन सकाळी, बस-स्कूटर-आंघोळ धरून, पाच तास. डेकोरचं प्रत्यक्ष काम रविवार ते मंगळवार मिळून सहा तास. आणि काम संपल्यानंतरचं बसणं, चहा, मॅगी, जिन्यावरच्या गप्पा, तेही जवळजवळ सहा तास. तिने हा तिसरा आकडा खोडून पुन्हा मोजला. झोप सोमवारी रात्री पाच तासांच्या आत, मंगळवारी तीनही नाही.

माझं म्हणणं इथे येतं. अभ्यासाचे तास सर्फिंगने खाल्ले नव्हते. सकाळी सहा ते साडेआठ या वेळात तिने किंवा तिच्या मजल्यावरच्या कुठल्याही मुलीने गर्डर डिझाइन केला नसता. ती झोपलेली असती. सर्फिंगने मागितली ती लवकरची झोप, आणि कॅम्पसचं सगळं सामाजिक आयुष्य नेमकं त्या झोपेच्या वेळेवर उभं आहे. टक्कर समुद्राची आणि पुस्तकाची नाहीच, समुद्राची आणि हॉस्टेलच्या रात्रीची आहे. पुस्तक बिचारं मध्ये सापडलं.

मग दोष सर्फिंगवर का गेला? कारण ते दिसतं. ओले केस, पायाला वाळू, पहाटेच्या अलार्मने मोडलेली रूममेटची झोप. रात्री दीडपर्यंत कँटीनला बसणं कुणालाच दिसत नाही, कारण सगळेच तिथे असतात. प्रोजेक्टच्या गटातला तो मुलगा स्वतः सोमवारी रात्री तिच्याच टेबलावर होता! आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सर्फिंगला शेवट आहे. नऊचं लेक्चर आहे, आणि ते नसलं तरी दहाच्या पुढे जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, लाटांचा चेहरा विस्कटतो. माणूस आपोआप बाहेर येतो. हॉस्टेलच्या रात्रीला असा शेवट कुणी घालून दिलेला नाही. उठणारी व्यक्ती पहिली असावी लागते, आणि पहिलं उठणं विसाव्या वर्षी अवघड असतं.

म्हणून “रात्रीचं बसणं बंद कर” असं मी तिला सांगितलं नाही. तो सल्ला “सर्फिंग बंद कर”इतकाच आंधळा झाला असता. पहिल्या वर्षाला ती आली तेव्हा कन्नड येत नव्हतं, तुळूचा गंध नव्हता, इंग्रजीत बोलताना घशाला कोरड पडायची. ज्या माणसांनी तिला आपलं म्हटलं ती माणसं तिला रात्री साडेअकरानंतर भेटली. कुठल्या सरांच्या पेपरला काय वाचायचं, कुठल्या कंपनीत इंटर्नशिपला कधी अर्ज करायचा, ही माहिती नोटीस बोर्डावर लागण्याआधी कँटीनच्या टेबलावर फिरते. ते सोडणं म्हणजे एक मोठा आधार सोडणं, आणि मुलींच्या बाबतीत तर अधिकच, कारण त्यांची वर्गातली संख्या मुळातच कमी असते.

शनिवार-रविवारीच सर्फिंग करावं, हा मधला मार्ग तिने आधीच्या सेमिस्टरला करून पाहिला होता. तो टिकला नाही. कॉलेजचा आठवडा सात दिवसांचा, भरती-ओहोटीचं चक्र चंद्राचं. दोघांची गाठ शनिवारी पडेलच असं नाही. लागोपाठच्या शनिवारी पाणी वाईट मिळालं की महिनाभर सराव नाही, आणि शिकाऊ माणसाचं अंग महिन्यात विसरतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जे ठरवलं त्यातली एकच गोष्ट नियम म्हणावी अशी : झोप सहा तासांच्या खाली झाली असेल तर पाण्यात उतरायचं नाही. समुद्र कितीही चांगला असो. हे तिने हळेयंगडीच्या मैत्रिणीला आणि प्रशिक्षकाला दोघांनाही सांगायचं, म्हणजे पहाटे मोह झाला तरी विचारणारं कुणी असेल. बाकीच्या गोष्टी तडजोडीच्या. डेकोर टीमकडे तिने संध्याकाळी साडेपाच ते आठचं रंगकाम मागून घेतलं. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळालं. ज्या दिवसानंतर पहाटे समुद्र आहे, त्या रात्री साडेदहाला खोली. उरलेल्या रात्री, म्हणजे आठच्या लेक्चरची आदली रात्र सोडून ज्या उरतात त्या, मनापासून कँटीनला. घड्याळाकडे न बघता. अर्धं अंग टेबलावर आणि अर्धं उद्याच्या काळजीत, असं बसणं कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

प्रोजेक्टच्या गटाची माफी तिने त्याच रात्री मागितली आणि फाइल सगळ्यांना मिळेल अशी सामायिक फोल्डरमध्ये टाकली. हे खरं तर पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. चार जणांचं काम एका लॅपटॉपवर अडकून राहणं हा गटाच्या कामाचा दोष होता, आणि ती झोपली नसती, आजारी पडली असती, तरी तेच झालं असतं.

गुरुवारी रात्री ती अकराला झोपली. शुक्रवारी अंदाजात लाटा अजून चांगल्या दिसत होत्या, पण पाणी उतरतं होतं आणि नदीमुखाची ओढ होती. ती गेली नाही. सकाळी सहाला उठून गर्डरची उरलेली तपासणी तासाभरात संपवली. बकलिंगचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं. दुपारी सबमिशन झालं. शनिवारी लेक्चर नव्हतं, म्हणून निवांत आठला दोघी किनाऱ्यावर पोचल्या आणि ओहोटी संपून पाणी वळायच्या सुमारास उतरल्या. तोवर लाटा थोड्या उतरल्या होत्या. तिला ते चाललं.

एक गैरसमज मात्र मला इथे खोडायचा आहे, कारण ती स्वतःच तो बोलून दाखवत होती. “ताई, सर्फिंगचा माझ्या अभ्यासाला फायदाच होतो.” थोडा होतो, हे खरं. इथल्या जलसंपदा आणि महासागर अभियांत्रिकी विभागात लाटांच्या प्रयोगासाठी ५० मीटर लांबीची टाकी आहे. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की ती फुटते, हे तिथे शिकताना तिला सूत्र पाठ करावं लागलं नाही. ससिहित्लूच्या वाळूच्या बांधावर ते तिने अंगावर घेतलेलं होतं. पण स्टील डिझाइन, फाउंडेशन, काँक्रीट या विषयांना समुद्र मदत करत नाही. त्यांना बसूनच वेळ द्यावा लागतो. सर्फिंग करण्यासाठी ते उपयोगाचं आहे असं सिद्ध करायची तिला गरज नाही. ती आनंदासाठी करते, तेवढं कारण पुरेसं आहे.

या घडीची किंमतही तिला मोजावी लागली. डेकोर टीमचे बरेचसे निर्णय रात्रीच होतात, आणि ती नसताना झाले. मुख्य स्टेजच्या मागच्या पडद्याची तिची कल्पना बाजूला पडली, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिला वाईट वाटलं आणि ते मी काही बोलून हलकं करू शकले नाही. मिडसेमचे मार्क ठीक आले : स्टीलला चांगले, मंगळवारी आठच्या त्या विषयाला बेताचे. त्या दिवशी शिकवलेल्या भागावरच प्रश्न होता. वडिलांनी सर्फिंगला अजून पूर्ण संमती दिलेली नाही. पण आता फोनवर ते तिथी विचारतात, आणि पाणी उतरतं असेल तर जाऊ नको म्हणतात.

पुढची अडचण आम्हाला आत्ताच दिसते आहे. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांब आवर्तकाळाच्या लाटा इकडे पोचतात. सोळा सेकंदांच्या लाटा ताशी ४५ किलोमीटरने येतात आणि कधी किनाऱ्यावर इतक्या अचानक चढतात की केरळात त्यांना कळ्ळक्कडल म्हणतात. तेव्हा इन्कॉइसचे इशारे निघतात. वर्षातली सगळ्यात लांब, देखणी लाट त्याच दिवसांत मिळते. एंडसेम परीक्षाही त्याच दिवसांत. आणि १ जूनला मासेमारी बंद होईल, पाऊस लागेल, ती मालवणला घरी असेल, म्हणजे नंतर करू म्हणायलाही जागा नाही. तिने परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी पंचांग टांगलं आहे आणि दोन पेपरांच्या मधल्या ज्या सुट्ट्यांना पहाटे पाणी चढतं असेल त्या दिवसांवर पेन्सिलने खूण केली आहे. इन्कॉइसचा इशारा असेल तर खूण पुसायची, हेही बाजूला लिहिलंय. हळेयंगडीच्या मैत्रिणीचे पेपर तेच असल्याने तिलाही ते दिवस चालतात. प्रशिक्षकाला विचारायचं बाकी आहे.